एकवीस वर, एकवीस खाली

नेदरलँडहून परत आले तेव्हा वस्तीतल्या बायकांनी पहिला प्रश्न हाच केला, "पवनचक्की पाहिली का?" पाहिली. बंद होती. मग ट्युलिपची फुलं विचारली. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात आणि मी गेले जुलैत, तेव्हा तीही नाहीत. "मग तीन महिने पाहिलं तरी काय?" असं त्यांतल्या शांताने विचारलं, तेही जरा खवचटपणे. मी म्हटलं, गाई पाहिल्या. सगळ्या हसल्या. गाई बघायला विमानात कशाला बसायचं, मेहकरच्या रस्त्यात बसलेल्याच असतात. म्हणून हे लिहायला घेतलं. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. चुकलंमाकलं तर मुलगी नीट करणार आहे, पण तिने फक्त काना-मात्रा बघायच्या, मजकुराला हात लावायचा नाही, असं ठरलंय.

बेस्ट

वैशाली माझी मुलगी. ती आणि जावई प्रशांत बेस्ट नावाच्या गावात राहतात. शेजारी आइंडहोवन हे मोठं शहर, तिथे चिप बनवायची यंत्रं तयार होतात आणि दोघंही त्याच कामात आहेत. यंत्र काय करतं ते प्रशांतने मला दोनदा समजावून सांगितलं. मला कळलं नाही आणि मी तसं सांगितलं.

गाव स्वच्छ आहे. सगळे सायकलवर, माझ्या वयाच्या बायकासुद्धा. जमीन लाटलेल्या पोळीसारखी सपाट, उंच म्हणून काय तर रेल्वेचा पूल. माणसं तोंडावर बोलतात, ते मला आवडलं. शेजारीण एकदा येऊन म्हणाली, तुमच्या फोडणीचा वास माझ्या पडद्यांना लागतो. वैशालीला वाईट वाटलं. मला नाही वाटलं. वास लागतोच. मी खिडकी लावून फोडणी द्यायला लागले, विषय संपला.

प्रशांतचं सगळं उलट. तो कुणाला दुखवत नाही. मी चार शब्द बोलले तर तो डचमध्ये चौदा करून सांगतो, आणि त्या चौदांत माझे दोनही नसतात. पुण्याचा मुलगा, आई-वडील दोघं शिक्षक, वाढच तशी झालेली. स्वभावाने चांगला आहे. पण चांगुलपणाही कधी कधी नडतो.

पोळ्याचा सण या वर्षी बेस्टमध्येच गेला. मी कणकेचे दोन बैल करून खिडकीत ठेवले, तिसऱ्या दिवशी त्यांना बुरशी आली, ते टाकून दिले. मी तीस वर्षं गाई राखल्या, दूध घातलं, त्यावर वैशाली शिकली. जनावर दिसलं नाही तर मला करमत नाही. ते बघून ती म्हणाली, "आई, पोळा बघायचाय ना? चल, दाखवते." ऑस्ट्रिया देशात डोंगरातल्या एका खोऱ्यात सप्टेंबरात गाई डोंगरावरून खाली आणतात, सजवून, वाजतगाजत. नेदरलँडमध्ये डोंगर नाही, म्हणून तिथले लोक सुटी मिळाली की तिकडे पळतात. आम्हीही निघालो.

गाडीतला दिवस सांगत नाही. बसले, झोपले, दशम्या खाल्ल्या, पोचले.

खोऱ्यात, गुरुवार

सकाळी पडदा सारला आणि समोर डोंगर. इतका जवळ की मान वर केल्याशिवाय आभाळ दिसेना. खाली हिरवं गवत, मधे नदी, दोन्ही बाजूंनी लाकडी घरं, प्रत्येक खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या. वैशाली म्हणाली, "सुंदर आहे ना?" आहे. पण एवढ्या उतारावर गवत कापायचं म्हणजे गुडघ्यांचं काय होत असेल, हे माझ्या मनात आधी आलं.

आम्ही उतरलो होतो ते एका शेतकरणीचं घर. तिचं नाव रेझी. वर पाहुण्यांच्या खोल्या, खाली मागच्या अंगाला गोठा, म्हणजे घरभर शेणाचा हलका वास. मला रात्री छान झोप लागली. रेझी माझ्याहून दोनच वर्षांनी लहान, पण मला 'ओमा' म्हणायची, म्हणजे आजी. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला. मुलगा टोनी गाई घेऊन उन्हाळाभर डोंगरावर राहतो, तिथेच चीज करतो. चाळीस वर्षं नेदरलँडचे पाहुणे येत असल्यामुळे रेझीला डच चांगलं येतं. त्यातलाच एक पाहुणा शेजारच्या खोलीत होता, हेंक नावाचा, कापेल आन डेन आयसेल या डच गावचा, निवृत्त माणूस. बावीस वर्षं त्याच खोलीत उतरतो. मी त्याला विचारलं, दुसरी जागा बघावीशी वाटत नाही का? तो म्हणाला, "इथे काय वाईट आहे?" उत्तर बरोबर होतं.

गावात चौकात फळा लावलाय, वर्षभरात काय काय आहे त्याचा. वैशालीने वाचून दाखवला. थंडीत माणसं लाकडाचे राक्षसाचे मुखवटे लावून, अंगावर मेंढ्यांची कातडी घालून रस्त्यात धावतात, पोरांना भिववतात. जूनमध्ये सगळ्या डोंगरांच्या माथ्यांवर एकाच संध्याकाळी जाळ करतात. मग बँडचे कार्यक्रम, चीजचा बाजार, आणि शनिवारी गाईंची मिरवणूक. फळ्याखाली हॉटेलांची नावं. मी म्हटलं, "सण आहेत की गिऱ्हाईक आणायची युक्ती?" वैशाली म्हणाली, "आई, हळू बोल." मराठीत बोलले होते, तिथे कोणाला कळणार होतं?

परत आलो तर रेझी स्वयंपाकघरात टेबलावर पसारा मांडून बसली होती. सुरूसारख्या झाडाच्या हिरव्या फांद्या, तार, रंगीत कागद, रिबिनी, छोटा आरसा. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे चालणाऱ्या गाईचा मुकुट. मी खुर्ची ओढली आणि कात्री घेतली. कागदाची फुलं करायला मला कोणी शिकवायची गरज नाही. बैलाचं बाशिंग आम्ही घरीच करायचो, शिंगांना बेगड लावायचो. रेझी पाकळी एकेक कापून चिकटवत होती. मी कागदाची घडी घातली, दोन कात्र्या मारल्या, सुतळीने आवळलं आणि उलगडलं. झेंडू तयार. तिने माझ्याकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं, आणि अर्धा गठ्ठा कागद माझ्यापुढे सरकवला. हिला बोलून दाखवायची सवय नाही, हे मला आवडलं.

ती सांगायची, प्रशांत मराठी करायचा. जूनमध्ये एकवीस जनावरं वर गेली. डोंगरावर वीज पडते, दरड येते, जनावर पाय घसरून दरीत जातं. सगळी धडधाकट खाली आली तरच फुलं. एखादं मेलं तर फुलं नाहीत, घंटा नाहीत, सगळा कळप गुपचूप खाली येतो. तिचा नवरा याबाबत फार कडक होता. दोन वर्षं त्यांनी गाई अशाच बोडक्या आणल्या होत्या.

दुपारी तिने जेवायला दिलं. शिळ्या पावाचे गोळे उकळून रश्शात सोडलेले. आम्ही शिळ्या पोळीचा कुस्करा करतो तेच, यांनी त्याला गोल केलं इतकंच. मी पिशवीतलं तिखट काढून वर टाकलं. हेंकने मागितलं. नको म्हटलं तरी घेतलं. मग बराच वेळ तो अंगणात उभा होता.

तेवढ्यात फोन वाजला. टोनीचा. रेझी ऐकत राहिली, दोन शब्द बोलली, फोन ठेवला. वर सकाळपासून धुकं उतरलंय आणि एक कालवड सापडत नाही. मीरा नावाची.

मी विचारलं, "गाभण आहे का?"

होती. पहिलारू, पहिल्यांदाच विणार. पण व्यायला अजून महिना बाकी.

"विचार, वळूकडून कितीदा भरवली होती?"

प्रशांत लाल झाला. "आई, हे मी कसं विचारू? मला शब्द पण येत नाही."

"हेंकला विचार शब्द."

हेंकने पाण्याचा तिसरा पेला संपवून शब्द दिला. रेझीने दोन बोटं दाखवली. दोनदा. पहिल्या वेळी लागली नाही असं वाटून महिन्याने पुन्हा.

माझ्या एका गाईचं असंच झालं होतं. लागलेली असते पहिलीच वेळ, आपण दिवस धरतो दुसऱ्यापासून. मी म्हटलं, "तिला सांग, कालवड हरवलेली नाही, व्यायला गेली आहे. दिवस भरलेत तिचे. कळप सोडून एकटी बसली असेल. पाण्याजवळ, वारा लागणार नाही अशा झुडपाच्या आडोशाला बघा. कड्याखाली शोधत बसू नका."

प्रशांत बोलला. पुष्कळ बोलला. रेझीने त्याच्या दंडावर थोपटलं आणि उठली.

मुकुट अर्धा झाला होता. ती फुलं एका खोक्यात भरायला लागली. मी माझ्या हातातलं फूल पुरं केलं आणि दुसरा कागद घेतला. आम्ही बौद्ध. शकुन-अपशकुन मी मानत नाही. मी फूल केल्याने डोंगरावरची कालवड मरत नाही, आणि न केल्याने जगत नाही. शनिवार तर परवावर आला होता. रेझी काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "होऊ दे, हातासरशी करून टाकते." आणि कात्री चालवत राहिले.

तिने माझ्या हातातून कात्री काढून घेतली. ओढूनच. मग तिच्या भाषेत काहीतरी बोलली. ती डच नव्हती, पण अर्थ विचारायची गरज पडली नाही. खोकं उचलून ती आत गेली आणि दार लावलं.

"आई, काय केलंस तू?" वैशाली म्हणाली.

"फुलं केली."

मलाही राग आला होता. माझ्या हातातून वस्तू ओढून घेतलेली मला सहन होत नाही. खोलीत जाऊन पडले. झोप आली नाही, तेव्हा आठवलं. आमचा बैल ढवळ्या पोळ्याच्या महिनाभर आधी सर्प चावून मेला. दुसऱ्या बैलाला तरी सजव, असं मी नवऱ्याला म्हणत होते. त्याने ऐकलं नाही. नुसतं धुऊन, साध्या दोरीने त्याला तोरणाखाली नेला आणि परत आणला. शकुन तोही मानत नव्हता. मग कशासाठी केलं, ते मी त्याला कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला तो नाही. पण रेझीचं दार लावलेलं पाहिल्यावर मला वाटलं, हे त्यातलंच आहे. जनावरांची मोजणी पुरी झाल्याशिवाय आनंद करायचा नाही, एवढंच ते.

शुक्रवार

सकाळी नाश्त्याला ब्रेड, चीज, उकडलेलं अंडं सगळं वेळेवर टेबलावर होतं. रेझी मात्र बोलेना. मी माझी ताटली स्वतः धुतली. तिने ती पुन्हा धुतली.

धुकं इतकं की कालचा डोंगर गायब. टोनी आणि शेजारचे चार जण पहाटेपासून वर फिरत होते. बाहेर गावात मात्र उद्याची तयारी जोरात, मांडव उभे राहत होते, बाकं मांडत होते, बसमधून लोक उतरत होते. रस्त्यावरच्या निम्म्या गाड्यांना नेदरलँडची पिवळी पाटी.

दहाच्या सुमारास पिसाची टोपी घातलेला एक माणूस आला. उत्सव समितीचा. दारातच उभा राहून बोलला, हेंकने ऐकून प्रशांतला सांगितलं, प्रशांतने मला. तो म्हणत होता, उद्या चार गोठ्यांच्या गाई येणार, त्यात तुझा कळप सगळ्यांत मोठा. लोक लांबून आलेत. कालवड सापडली नाही तरी फुलं घाल. कागदाची तर आहेत.

रेझी म्हणाली, "माझ्या गाई बसमधल्या लोकांसाठी खाली येत नाहीत." आणि तो उभा असतानाच दाराचा उंबरा झाडायला लागली. त्याला पाय मागे घ्यावेच लागले.

काल मी फळ्यासमोर जे बोलले होते ते मनातल्या मनात परत घेतलं. या बाईचा सण गिऱ्हाइकासाठी नव्हता.

दुपारी तीनला फोन आला. रेझीने तो ऐकला, भिंतीला टेकली, आणि डोळे मिटले. मी समजले, गेली. पण तसं नव्हतं. मीरा सापडली होती. झऱ्याच्या काठी, ठेंगण्या झुडपांच्या आत. व्याली होती. वासरू मेलेलं. तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून खाली आणत होते.

रेझी म्हणाली, आणि हे प्रशांतने मला जसंच्या तसं सांगितलं, "ती आत्ताच विईल असं कोणाच्या मनात आलं असतं?"

मी म्हटलं, "अगं, मी काल सांगितलं होतं ना."

रेझीने प्रशांतकडे बघितलं. प्रशांतने टेबलाकडे.

"तू काल काय सांगितलंस तिला?" मी विचारलं.

"आई... मी म्हटलं, आमच्या आईंना जनावरांचा अनुभव आहे, त्या म्हणतात काळजी करू नका, सापडेल."

"झऱ्याचं?"

"नाही."

"दिवस भरल्याचं?"

"तिचीच गाय, आई. तिला तिच्याच गाईचं चुकलं असं तिच्या तोंडावर कसं म्हणायचं? आपण पाहुणे."

वैशाली म्हणाली, "प्रशांत!" तेवढंच. पण असं म्हणाली की मलाच त्याची दया आली. दया आली तरी मी म्हटलं, "आता सांग तिला. काल मी काय बोलले आणि तू काय सांगितलंस, दोन्ही."

त्याने सांगितलं. उभा राहून, हात मागे बांधून, शाळेतल्या मुलासारखा. रेझीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "सांगितलं असतंस तरी मी मानलं नसतं. मला वाटत होतं, माझ्या गाई मला कळतात."

ती ते प्रशांतला बरं वाटावं म्हणून म्हणाली की खरं म्हणून, मला कळलं नाही. जनावरांचा डॉक्टर संध्याकाळी आला. म्हणाला, वासराचा पुढचा पाय आत दुमडला होता. माणूस जवळ असता तर कदाचित वाचलं असतं, कदाचित नाही. मी तशी दोन वासरं ओढून काढली आहेत, एक जगलं, एक नाही. तेव्हा मीही यापेक्षा जास्त सांगू शकत नाही.

मीराला गोठ्यात बांधलं. तपकिरी, डोळ्यांभोवती पांढरी, थकलेली, पण कान हलत होते. वार पडली होती, ताप नव्हता, कास दाटली होती. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. रेझीने पाहिलं. मग बादली आणली आणि धार काढायला बसली. चीक घट्ट, पिवळा. पहिलारूच्या मानाने बराच निघाला.

आता प्रश्न उरला मुकुटाचा.

स्वयंपाकघरात सगळे बसलो. मीराबरोबर खाली आलेला टोनी, सहा फुटी माणूस, दोन दिवस झोपला नव्हता. तो म्हणाला, वासरू मेलं म्हणजे कळपातलं एक गेलं. बाबा असते तर बोडक्याच आणल्या असत्या. हेंक म्हणाला, नियम तो नियम. रेझी नुसती बसली होती. नवऱ्याचा फोटो त्या भिंतीवर, तिच्या बरोबर समोर. घालावीत फुलं तर त्याचा शब्द मोडतो, आणि न घालावीत तर उन्हाळाभर डोंगरावर राबलेल्या पोराने मान खाली घालून गावातून जायचं. तिची अडचण मला दिसत होती.

मी म्हटलं, "प्रशांत, तिला विचार, जूनमध्ये वर किती गेली होती?"

"एकवीस," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलंय आपल्याला."

"तरी विचार."

त्याने विचारलं. रेझी म्हणाली, एकवीस.

"खाली किती आली? उद्याची धरून."

एकवीस. पण मीरा ट्रॉलीतून आली, चालत नाही, असं टोनी मधेच म्हणाला.

"मी पण मोटारीतूनच आले. आले की नाही?" मी म्हटलं. "आता हे सांग. वासरू वर गेलंच नव्हतं. जे वर गेलं नाही ते खाली येणाऱ्यांत कसं मोजायचं? वाईट झालं, त्याचं वाईट वाटायचं ते वाटू दे. पण मोजणी पुरी आहे."

प्रशांतने माझ्याकडे बघितलं. "असंच सांगू?"

"असंच. मध लावू नको."

त्याने सांगितलं. या खेपेला माझे जेवढे शब्द तेवढेच त्याचे. मी मोजत होते.

बाहेर मांडवात बँडवाले सराव करत होते, एकच ओळ परत परत. टोनी बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं करत होता, मग त्याने मान डोलावली. रेझी नवऱ्याच्या फोटोकडे बघून दोन-तीन वाक्यं बोलली, वाद घातल्यासारखी. मग उठली, आतून खोकं आणलं, आणि कात्री माझ्यापुढे ठेवली. मुठीची बाजू माझ्याकडे करून.

मला फुलं बघायची होती म्हणून मी तसं बोलले, असं वैशाली नंतर हसत म्हणाली. नाही. वीसच आली असती तर मी कात्रीला हात लावला नसता.

वेळ थोडा होता, टोनी पहाटे मुकुट घेऊन वर जाणार. म्हणून सगळ्यांना बसवलं. वैशालीने आमच्या घरी लहानपणी केलेली, तिचे हात विसरले नव्हते. प्रशांत एकेक पाकळी पट्टीने मोजून कापत होता. हेंकची फुलं पानकोबीसारखी झाली. मी त्याला तसं सांगितलं, म्हणजे प्रशांतने सांगितलं, जसंच्या तसं. हेंक म्हणाला, "पानकोबीच केली होती." जेवणाच्या वेळेपर्यंत मुकुट झाला, वर क्रूस, मधे आरसा, कडेने माझे झेंडू. डाव्या बाजूला थोडी जागा रिकामी राहिली, तिथे पानकोबी बसवली.

शनिवार

धुकं गेलं होतं. सकाळी दहापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं. तिथे एक मोठी पुरी तळतात, मधे खळगा, त्यात आंबवलेली कोबी नाहीतर आंबट लाल फळांचा मुरंबा घालतात. मी मुरंब्याची खाल्ली. पुरी चांगली होती, तेल दोनदा वापरलेलं होतं. चीजच्या बाजारात एक चीज असं होतं की मला वाटलं जवळपास काहीतरी मेलंय. प्रशांत ते मिटक्या मारत खात होता.

आधी घंटांचा आवाज आला. छोट्या घंटा नव्हेत, कळशीएवढ्या, चामड्याच्या रुंद पट्ट्याला अडकवलेल्या. आवाज अंगावर येतो. मग वळणावरून पहिला कळप. मी विचारलं, कोणाचा मान पहिला? हेंक म्हणाला, मान कसला, ज्याचं डोंगरावरचं घर जवळ तो आधी पोचतो. आमच्या गावात पोळ्याच्या तोरणात आमची जोडी कायम शेवटी उभी असायची. का ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. इथे जवळ-लांब यावर ठरतं, हे मला पटलं.

रेझीचा कळप तिसरा आला. पुढे टोनी, अंगात धुतलेला सदरा, हातात काठी, आणि त्याच्या मागे मोठी गाय, डोक्यावर आमचा मुकुट. आरसा उन्हात चमकत होता. रेझी माझ्या शेजारी उभी होती. ती एकेक गाय समोरून जाताना ओठ हलवत होती. मीही मोजत होते. पंधरापर्यंत ठीक गेलं, मग एक गाय प्रशांतच्या समोर थांबली आणि त्याच्या पांढऱ्या बुटांवर शेण टाकून पुढे गेली. तो तिलाही "हरकत नाही" म्हणाला असता. वैशाली इतकी हसली की माझी मोजणी चुकली. मी रेझीकडे पाहिलं. तिने दोन्ही हातांची बोटं दोनदा पसरून दाखवली. वीस. मग गोठ्याच्या दिशेने एक बोट.

चौकात गर्दीमुळे कळप जरा थांबला. मागच्या गाईने मान लांब केली आणि पुढच्या गाईच्या मुकुटाची डावी बाजू खाल्ली. हेंकची पानकोबी गेली. माझ्या झेंडूंना तिने तोंड लावलं नाही. हेंक म्हणाला, "बघा, खरी वाटली तिला."

संध्याकाळी मुकुट मीराच्या खुंट्याच्या वर, भिंतीवर टांगला. रेझीने मला हात धरून स्वयंपाकघरात नेलं आणि फ्रिजमधून पातेलं काढलं. कालचा चीक. ती साखर काढायला वळली आणि मी वाटी शोधायला, तेव्हाच मला कळलं की हिच्याकडेही खरवस करतात. बोलायची गरज नव्हती. निम्मा तिने घेतला, निम्मा मी. मी दूध-साखर घालून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवला. वेलदोडा नव्हता, जायफळ मिळालं. तिने अंडं आणि दालचिनी घालून भट्टीत भाजायला ठेवला. दोघी एकमेकींच्या भांड्यात डोकावत होतो.

सगळे टेबलाशी बसलो. टोनी वाटी पुढे करून वाट बघत होता. मी आधी तिचा खाल्ला, तिने माझा. ती प्रशांतला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

प्रशांतने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "म्हणतात, फार गोड आहे. आणि दातांखाली रबरासारखा लागतो."

"बरं. तिला सांग, तिचा खालून करपलाय."

त्याने सांगितलं. रेझीने चमचा उलटा करून तळाचा काळा भाग बघितला, मान हलवली, आणि माझ्या डब्यातली आणखी एक वडी कापून घेतली. मी तिची भट्टीतली ताटली जवळ ओढली आणि करपलेलं खरवडायला लागले.